वळणावरचा आवाज

‘या गाडीच्या स्टिअरिंगला सुरेख वजन आहे’ हे वाक्य मोटारींच्या मासिकात वाचले आणि निरीक्षकांच्या मनात पहिला संशय शिरला. वजन आहे म्हणजे किती? ते केले कोणी? कोणत्या काट्यावर? आणि तो काटा शेवटचा कधी तपासला होता? उभी हयात वजनमापे खात्यात काढलेल्या माणसाने एवढे विचारले तर त्याला संशयी म्हणणे अन्यायाचे होईल. पत्नी म्हणाली, "अहो, वाचत काय बसलात? चालवून बघा ना." हा सल्ला सरळ होता, आणि सरळ सल्ल्यांकडे निरीक्षक नेहमीच जरा तिरप्या नजरेने पाहत.

निवृत्तीनंतर त्यांना स्पोर्ट्स कार घ्यायची होती. दोन दारांची, दोनच आसनांची, जमिनीला जवळजवळ चिकटून धावणारी. ही बातमी फुटलेल्या नळाच्या पाण्यासारखी जिन्यावरून पायरी पायरीने उतरली आणि तळमजल्यावरच्या वकिलांच्या दारात साचली.

"खाली वाकून बसता येईल हो," वकील म्हणाले. "पण उठणार कसे, याचा विचार केलाय? आणि एक सांगतो, कुठे बोलू नका. शोरूमवाले चालवून बघायला देतात ती गाडी वेगळी असते. खास तयार केलेली. घरी येते ती दुसरीच."

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "लाल घेऊ नका. लाल गाडी दिसली की पोलीस आपोआप शिट्टी वाजवतात."

या वयात हे खूळ कुठून आले, असे सगळ्यांनी एकमेकांना विचारले. निरीक्षकांना कोणी विचारले नाही. विचारले असते तरी त्यांनी सांगितले नसते, म्हणून इथे सांगायला हवे. खात्याची प्रमाण वजने पितळेची असत, मखमलीच्या कप्प्यांत निजलेली. प्रवासात ती एकमेकांवर आपटली की कडा झिजते, आणि कडा झिजली की सत्य हलके होते. म्हणून ती पेटी निरीक्षक मांडीवर घेऊन बसत आणि जीपच्या ड्रायव्हरला कायमचा हुकूम असे: वळणावर हळू. डोंगरातले कितीतरी रस्ते त्यांनी असे पालथे घातले. आयुष्यात वळणे पुष्कळ आली, पण एकही अंगाला लागले नाही. एकदा, निदान एकदा, मांडीवर पेटी नसताना वळण घेऊन पाहावे, एवढीच ती इच्छा होती. आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई नुकत्याच म्हणाल्या होत्या, "हौस असेल तर आत्ता चालवून घ्या. पुढची थोडी वर्षं चालेल, त्यानंतरचं मी लिहून देणार नाही." हे वाक्य त्यांनी घरी आणले नव्हते, बाहेरच ठेवले होते, ओल्या चपलांसारखे.

शोरूममध्ये दोन गाड्या होत्या. एक करडी, रुंद खांद्यांची, चारही चाकांनी रस्ता ओढणारी, पोटात एवढी यंत्रे बाळगणारी की चालकाने चूक करायची म्हटले तरी तिची परवानगी लागावी. दुसरी लाल, लहानखुरी, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी, हाताने गिअर टाकायची. लाल गाडी कारखान्याने बनवणे बंद केले होते; ही शेवटची. "एक दंतवैद्य रोज येऊन बघून जातात," सेल्समन आवाज उतरवून म्हणाला. "शनिवार संध्याकाळपर्यंत मी तुमच्यासाठी थांबवतो, साहेब. पुढे माझ्या हातात नाही."

दंतवैद्य खरोखर अस्तित्वात आहेत का, याची चौकशी निरीक्षकांनी मनात टिपून ठेवली.

तपासणीची पद्धत त्यांनी घरीच ठरवली होती. मासिकवाले वळणावरच्या पकडीला विशेषणे लावत. निरीक्षक वजन लावणार होते. निरोप समारंभात खात्याने त्यांना सेवेतून बाद झालेले एक किलोचे पितळी वजन भेट दिले होते, कडेला जरासे झिजलेले. देणाऱ्यांना त्यात काही सूचित करायचे होते की काय, हा संशय वेगळा. ते वजन डॅशबोर्डवर ठेवायचे. वळणावर सरकले तर पकड कमी, न सरकले तर उत्तम. विशेषणांना वावच नाही.

आधी करडी. सेल्समन शेजारी बसला आणि शहराबाहेरच्या वळणावळणांच्या रस्त्याला गाडी लागली. वजन जागचे हलले नाही. गाडी वळली की रस्ताच बाजूला झाला, हे निरीक्षकांना शेवटपर्यंत उमगले नाही. स्टिअरिंग हातात होते, पण चाकांकडून त्यातून काहीच बातमी येत नव्हती; सगळे काही अतिशय नम्रपणे परस्पर उरकले जात होते. परत आल्यावर त्यांनी वहीत लिहिले: निर्दोष.

मग लाल. आसन इतके खाली, की शेजारून जाणाऱ्या सायकलचे पेडल डोळ्यांच्या रेषेत यावे. पहिल्या वळणाशी निरीक्षकांनी सवयीने वेग कमी केला, आणि मग कोणास ठाऊक का, केला नाही. गाडीचे नाक नजर होती तिथेच गेले. खडीचा कण न् कण तळहातांना कळला. मागची चाके क्षणभर बाहेर झुकली, नाचताना जोडीदाराने हात सैल सोडून पुन्हा धरावा तशी, आणि रस्ता मणक्यातून वर चढून मानेशी येऊन थांबला. वजन सरकले, डॅशबोर्डची कड ओलांडून गेले आणि सेल्समनच्या पायाच्या अंगठ्यावर उतरले.

त्याच क्षणी तो आवाज आला.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या खोलीची गंजलेली बिजागरी कोणी भीत भीत उघडावी, तसा. आधी एक घरघर, मग तुटक, वर चढणारे काहीतरी. वळण संपले, आवाज थांबला. पुढच्या वळणावर पुन्हा.

"हा आवाज कसला?" निरीक्षकांनी गाडी बाजूला घेतली.

सेल्समन बूट काढून अंगठा चोळत होता. "माझा म्हणताय का, साहेब? मी ओरडलो."

"तो नाही. दुसरा. कुरकुरल्यासारखा."

सेल्समनने त्यांच्याकडे पाहिले. मग खिडकीबाहेर. मग पुन्हा त्यांच्याकडे. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, या शिकवणुकीशी त्याच्या चेहऱ्यावर झटापट चाललेली स्पष्ट दिसत होती. "तो गाडीचा नाही, साहेब," तो शेवटी म्हणाला.

"मग कोणाचा?"

"मेकॅनिकला दाखवू या," सेल्समन म्हणाला, आणि परत येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. निरीक्षकांनी असे मौन असंख्य दुकानांत ऐकले होते. काट्याच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली असली की दुकानदार असाच गप्प होतो.

मेकॅनिकने गाडी उचलली, खालून ठोकली, चाके फिरवली, दारे आपटली. आवाज नाही. मग तो शेजारी बसला आणि निरीक्षकांनी त्याला तीन-चार वळणे दाखवली. आवाज ठणठणीत आला. मेकॅनिक उतरला, आणि स्वच्छच असलेले हात बराच वेळ पुसत राहिला.

"येतोय खरा," तो म्हणाला.

"काय सैल झालंय?"

"सैल... म्हणजे तसं म्हणता येईल." तो सेल्समनकडे बघून म्हणाला, "पण हे आमच्याकडचं काम नाही हो."

"लिहून द्या."

"हे लिहून कसं देणार, साहेब?"

विक्रेता गप्प, मेकॅनिक लिहून देईना, आणि एक दंतवैद्य घाई करतोय. एवढ्या पुराव्यावर निरीक्षकांनी पूर्वी दुकानांना कुलपे ठोकली होती. संध्याकाळी जिन्यात वकिलांनी तर डोळे मिटूनच मान हलवली. "अपघातातली गाडी. रंग मारलाय वरून. मी सांगितलं नव्हतं?"

खरे तर प्रकरण इथेच मिटायचे. करडी निर्दोष होती आणि लाल सदोष. पण त्या रात्री निरीक्षकांच्या तळहातांना झोप लागेना. त्यांच्यात अजून खडी सळसळत होती. तेव्हा त्यांनी स्वतःवरही संशय घेतला. आपण या गाडीच्या बाजूने झुकतो आहोत. झुकलेल्या काट्याने माप घेता येत नाही. गाडी चालवण्याचा आनंद मोजायचा तर तिऱ्हाईत, न झिजलेले, मोहात न पडणारे प्रमाण हवे.

असे प्रमाण कुटुंबातच होते. पत्नीचे थोरले बंधू. आयुष्यभर ग्रंथालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून ते हळूहळू त्या पाटीसारखेच दिसू लागले होते. त्यांना कशानेही आनंद झाल्याचे कोणी पाहिले नव्हते. शिवाय कान असे, की तिसऱ्या दालनात कोणी पान दुमडले तरी यांना इकडे दुखे. आनंद आणि आवाज, दोन्हींच्या तपासणीला एकच साक्षीदार. निरीक्षकांना आपल्या हुशारीचा किंचित अभिमान वाटला.

अडचण एवढीच, की गाडीत आसने दोन आणि शोरूमच्या नियमाप्रमाणे एका आसनावर सेल्समन हवाच. निरीक्षकांनी व्यवस्थापकांना अर्ज केला. व्यवस्थापकांनी वरून परवानगी मागवली. वरून उत्तर आले, की सेल्समनची ‘उपस्थिती’ अनिवार्य आहे. ती गाडीच्या आतच असावी असे कुठे म्हटलेले नाही. कागदाच्या अशा फटीतून वाट काढणारा माणूस दिसला की निरीक्षकांचा ऊर भरून येई. शनिवारी दुपारी लाल गाडी निघाली, आणि तिच्या मागून सुजलेला अंगठा हवेत धरून सेल्समन स्कूटरवर निघाला.

आवाज सलग ऐकायचा तर सलग वळण हवे, म्हणून निरीक्षकांनी मोठा चौक गाठला. चौकाच्या मध्यभागी कारंजे, भोवती गोल रस्ता. गाडी फिरू लागली. मेहुणे हात मांडीवर ठेवून, वाचनालय बंद व्हायची वाट पाहावी तसे बसले होते.

"दादा, ऐकू येतोय?"

"येतोय."

"कुठून?"

"तुमच्या बाजूनं."

"पुढून की मागून?"

मेहुण्यांनी क्षणभर विचार केला. खोटे बोलणे त्यांना जमत नसे आणि जास्त बोलणे आवडत नसे. "वरून," ते म्हणाले.

"वर तर छप्पर आहे नुसतं."

"त्याच्या खालून."

निरीक्षकांनी आणखी एक फेरी घेतली. आवाज आता खुलला होता, न थांबता येत होता. मेहुण्यांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. प्रमाणच हलले? शोरूमने यांनाही फितवले की काय? हा विचार पुरता होण्याआधीच शिट्टी वाजली.

चौकातल्या पोलिसाने जे पाहिले ते असे: एक लाल गाडी कारंज्याभोवती गरागरा फिरते आहे, आणि एक लंगडा मनुष्य स्कूटरवरून तिचा पाठलाग करतो आहे. त्याने लंगड्याला पकडले.

"का मागे लागलायस त्यांच्या?"

"ती गाडी आमची आहे हो," सेल्समन काकुळतीने म्हणाला.

पोलिसाचा चेहरा उजळला. आता त्याने गाडीही पकडली.

चौकीतल्या अधिकाऱ्याने सगळ्यांना बाकावर बसवले. "चौकात काय करत होतात?"

"आवाज शोधत होतो," निरीक्षक ताठ बसून म्हणाले. आजवर जबाब घेतले होते त्यांनी. द्यायची वेळ पहिलीच.

अधिकाऱ्याने लिहिता लिहिता मोठ्याने म्हटले, "सदर इसम आवाज शोधत होता. सापडला?"

"नाही."

"कोणी साक्षीदार?"

मेहुणे उठले. टेबलाशी गेले, वाकले आणि ग्रंथालयात बोलतात तसे अधिकाऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलले. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले. निरीक्षकांकडे बराच वेळ पाहिले. त्या नजरेत दरारा नव्हता, आणि तेच निरीक्षकांना फार खटकले.

"जाऊ द्या यांना," अधिकारी म्हणाला. "घरचं कोणी बोलावून घ्या, ओळख पटवा आणि जा. साहेब, शोधा तुमचा आवाज. फक्त दुसऱ्या चौकात."

"दादा, काय सांगितलंत त्यांना?"

"खरं ते," मेहुणे म्हणाले, आणि पुन्हा पाटी झाले.

पत्नी ओळख पटवायला आली ती घरच्याच साडीवर, हातात पिशवी घेऊन. नवऱ्याला पोलीस चौकीच्या बाकावर पाहून तिने पहिला प्रश्न केला, "उन्हात टोपी का नाही घातलीत?" अधिकाऱ्याने एवढ्यावर ओळख पटल्याचे लिहून टाकले.

शोरूम बंद व्हायला थोडाच अवकाश होता. सेल्समनचा फोन सारखा वाजत होता; दंतवैद्य येऊन थांबले होते, म्हणजे अस्तित्वात होते. मेहुण्यांनी स्कूटरवर सेल्समनच्या मागे बैठक मारली. "अगं, सांगू का यांना?" त्यांनी बहिणीला विचारले.

"काय सांगायचं, दादा?"

"गाडीत बस. कळेल. मग तूच ठरव."

निरीक्षकांनी हे ऐकले आणि संशयितांच्या यादीत पत्नीचीही जागा मोकळी करून ठेवली.

ती गाडीत बसली. डॅशबोर्डवरचे पितळी वजन तिने न विचारता उचलले आणि मांडीवर घेतले. "नदीकाठच्या रस्त्यानं घ्या," ती म्हणाली. "सरळ रस्ता नको."

नदीला जिथे जिथे मन बदलावेसे वाटले होते, तिथे तिथे त्या रस्त्याने तिचे ऐकले होते. पहिले वळण आले. निरीक्षकांनी गिअर उतरवला, नाक आत घातले, मागची चाके झुकली आणि सावरली. पाण्यावरचे ऊन काचेवरून सर्रकन वाहून गेले. आणि आवाज आला.

"ऐकलास? हाच."

पत्नी समोर पाहत नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती. पुढचे वळण गेले, त्याच्या पुढचेही.

"हा आवाज मी पूर्वी ऐकलाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"पुलावर. आपलं नवीनच लग्न झालं होतं. वाऱ्यानं तुमची छत्री उलटी झाली, आणि तुम्ही ती तशीच धरून पूल संपेपर्यंत चालत होतात. तेव्हा आला होता. मग तुम्हाला ती वजनांची पेटी मिळाली."

"छत्रीचा आणि या गाडीचा काय संबंध?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "पुढचं वळण जरा जोरात घ्या."

शोरूममध्ये दंतवैद्य लाल गाडीच्या रिकाम्या जागेभोवती फेऱ्या घालत होते. निरीक्षक खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि निकाल वाचावा तसे म्हणाले, "करडी गाडी घेत आहोत. पकड उत्तम, दोष शून्य. लाल गाडीत एक आवाज आहे, जो इथले लोक लपवत आहेत."

दंतवैद्यांचा चेहरा फुलला.

"करड्या गाडीत तो आवाज येत नाही?" पत्नीने विचारले.

"मुळीच नाही."

"एकदाही?"

"अगं, निर्दोष आहे म्हणून तर..."

"मग ती नको," पत्नी म्हणाली, आणि पितळी वजन तिने लाल गाडीच्या कागदांवर ठेवले. सेल्समनने पाय मागे घेतला. "डोळ्यांच्या बाईंना मी भेटून आलेय. मला सगळं माहीत आहे. थोडी वर्षं आहेत ती निर्दोष गाडीत नाही घालवायची."

ओल्या चपला घरात आल्याच होत्या तर. निरीक्षकांनी पत्नीकडे पाहिले, मेहुण्यांकडे पाहिले, मेकॅनिककडे पाहिले. सगळे एक झाले होते, यात आता शंका उरली नव्हती. फक्त कशासाठी, ते कळत नव्हते. पण तळहात केव्हाचे कागदाकडे सरकले होते. त्यांनी सही केली, आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात अट घातली: वळणावर येणारा आवाज हमीच्या मुदतीत विनामूल्य काढून द्यावा.

कागदांवर शिक्के पडत असताना त्यांना काचेपलीकडे पत्नी मेकॅनिकशी बोलताना दिसली. परत आली तेव्हा त्यांनी विचारले, "काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, सापडला तरी काढू नका."

हे ती उघडपणे म्हणाली, आणि म्हणूनच निरीक्षकांचा त्यावर विश्वास बसला नाही.

आता दर रविवारी लाल गाडी नदीकाठच्या रस्त्याने जाते. ठरलेल्या मुदतीने निरीक्षक ती तक्रारीसकट शोरूममध्ये नेतात. मेकॅनिक ती आत घेतो, काचा पुसतो आणि बाहेर आणून देतो.

"अजून येतोय का, साहेब?"

"येतोय. उलट वाढलाय," निरीक्षक दुखावल्या स्वरात सांगतात.

पत्नी शेजारी वजन मांडीवर घेऊन बसलेली असते. अलीकडे वळणावर तिच्या बाजूनेही तसाच काहीसा आवाज येऊ लागला आहे. तो जरा बारीक आहे, आणि तक्रारीत निरीक्षकांनी तो स्वतंत्र कलमाखाली नोंदवला आहे.